तोंडाला पाणी सुटत नाही तेव्हा

मी भिलाईहून बोलते आहे, छत्तीसगडमधून. या मालिकेचे श्रोते पुण्या-मुंबईपासून इंदूर, बडोदा, हैदराबादपर्यंत पसरलेले आहेत असं मला सांगितलंय, म्हणून सगळ्यांना जमेल अशी एक छोटी गोष्ट आधी करून घेऊ. घरात मारी बिस्किट असेल तर एक घ्या. तोंडात टाका, चावा, आणि पाणी न पिता गिळा. गिळलंत? काही विशेष वाटलं नसेल. आता हाच प्रयोग चेहरा आणि नाकाला रुमाल बांधून भर मे महिन्यात भिलाईच्या रस्त्यावर तासभर स्कूटर चालवून आल्यावर करा. बिस्किटाचा भुगा टाळूला चिकटेल, जीभ फिरणार नाही, खोकला येईल. मग तुम्ही घरी याल, माठातलं दोन ग्लास पाणी प्याल आणि विसरून जाल.

आज मी ज्या माणसांबद्दल बोलणार आहे, त्यांच्यासाठी ते दोन ग्लास पाणी पुरत नाही. तोंडाच्या, जिभेच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी त्यांनी रेडिएशन घेतलंय. आमच्याकडे त्याला 'सिकाई' म्हणतात, विदर्भात 'शेक दिला' म्हणतात. कॅन्सर बरा झाला. पेढे वाटून झाले. आणि तोंड कोरडं पडलं ते पडलंच.

मी दातांची डॉक्टर आहे. सुपेला बाजाराजवळ माझं क्लिनिक आहे. माझे वडील भंडाऱ्याहून इथे नोकरीला आले. भिलाईत मराठी माणूस कसा आला हे तुमच्यातल्या काहींना नवीन असेल. १९५५ साली सोव्हिएत युनियनशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली धमनभट्टी पेटली, आणि नागपूर-भंडारा-गोंदियाकडची कितीतरी पोरं रेल्वेच्या एकाच रुळावर वर सरकत इथे पोचली. त्यांच्या घरात अजून झुणका होतो, आणि बाजूच्या घरातून बोरे-बासीही येते. या बासीकडे मी शेवटी परत येणार आहे.

पहिल्यांदा माझी चूक सांगते. प्रॅक्टिस सुरू करून मला चारेक वर्षं झाली होती. प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झालेले एक काकाजी आले. नागपुरी मराठी, गळ्यात मफलर, हातात पाण्याची बाटली. खालची मागची दाढ हिरडीजवळून तुटली होती. मी सगळं विचारलं, म्हणजे मला तेव्हा सगळं वाटत होतं ते विचारलं: बीपी आहे का, शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. ते 'नाही' म्हणाले. मी दाढ काढली. सहज निघाली, काहीच त्रास झाला नाही.

तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा खड्डा तसाच होता. भरलेला नव्हता. तळाशी पिवळट पांढरं हाड उघडं दिसत होतं. बरोबर सूनबाई होत्या, त्यांनी पिशवीतून एक जाड फाइल काढली. दोन वर्षांपूर्वी जिभेच्या मागच्या भागाचा कॅन्सर, ३५ दिवसांचं रेडिएशन, एकूण डोस ७० ग्रे. मी म्हटलं, काकाजी, हे सांगितलं का नाही? ते म्हणाले, "तुम्ही दाताचं इचारलं, म्या दाताचं सांगतलं. तो कॅन्सर तं बरा झाला नं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. विचारायला मी हवं होतं. त्या दिवसापासून माझ्या क्लिनिकच्या पहिल्या कागदावर पहिला प्रश्न तोच आहे.

आता ती दाढ मुळात तुटली का? तुटण्यासारखं वय नव्हतं, मार लागला नव्हता. याचं उत्तर लाळेत आहे.

लाळ म्हणजे थुंकी, आणि थुंकी म्हणजे घाण, असं आपण लहानपणापासून शिकलो. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ आपण तयार करतो आणि न कळत गिळतो. तिच्यात ९९ टक्के पाणीच असतं. पण उरलेल्या एका टक्क्यात केवढं काय काय आहे! जेवणानंतर जंतू जे आम्ल तयार करतात ते शमवणारा बायकार्बोनेट. दाताच्या पृष्ठभागावरून झिजलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत भरून काढणारा साठा. बुरशी आणि जंतूंना आवरणारी प्रथिनं. आणि घास बुळबुळीत करणारं म्युसिन, ज्याच्यामुळे पोळीचा तुकडा घशातून घसरतो. काकाजींनी मला हे त्यांच्या भाषेत एकदा सांगितलं होतं: "डॉक्टरबाई, बेल्टले ग्रीस नसलं नं, मंग माल पुढं सरकतच नाही, तिथंच भुकटी होते." माझ्या पुस्तकात इतकं नेमकं नव्हतं.

ही लाळ मुख्यतः तीन जोड्यांतून येते. कानाच्या पुढे-खाली दोन मोठ्या ग्रंथी, जबड्याच्या हाडाखाली दोन, जिभेखाली दोन. कानाजवळच्या ग्रंथी जेवताना जोरात काम करतात आणि पातळ, पाण्यासारखी लाळ देतात. दिवसभर आणि रात्री तोंड ओलं ठेवण्याचं काम मात्र जबड्याखालच्या जोडीचं जास्त. हा फरक लक्षात ठेवा. कोणाचं जेवण अडतं आणि कोणाची रात्र अडते, ते यावरून बऱ्याच अंशी ठरतं.

रेडिएशन वाढणाऱ्या, भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतं असं आपण वाचतो. लाळेच्या पेशी क्वचितच विभागतात, त्यामुळे खरं तर त्या टिकायला हव्यात. पण टिकत नाहीत. पहिल्याच आठवड्यात लाळ निम्म्यापर्यंत उतरू शकते. पातळ लाळ आधी जाते आणि मागे राहतो तो चिकट, तारा सुटणारा चोथा. पेशंट सांगतात, "तोंड कोरडं आहे आणि तरी थुंकावं लागतंय." ऐकणाऱ्याला वाटतं हा काहीतरी विसंगत बोलतोय. दोन्ही खरं असतं. त्याच सुमाराला चवही जाते. चव बहुतेकांची काही महिन्यांत, वर्षभरात बरीच परत येते. लाळेचं तसं नाही. ती किती परत येईल हे ग्रंथीला किती डोस बसला यावर ठरतं.

म्हणून आधी उपचारापूर्वीचं बोलते, कारण खरी कमाई तिथेच आहे.

पूर्वी दोन बाजूंनी सरळ किरण सोडत, मध्ये जे येईल ते भाजलं जाई. मग आयएमआरटी आलं. यात यंत्र किरणांची तीव्रता जागेप्रमाणे बदलतं, म्हणजे गाठीला पूर्ण डोस आणि शेजारच्या ग्रंथीला शक्य तितका कमी. याने लाळ वाचते का, हे नीट तपासलं गेलंय. ब्रिटनमधल्या पारस्पोर्ट नावाच्या अभ्यासात ९४ पेशंट होते, निकाल २०११ साली छापून आले. वर्षभरानंतर जुन्या पद्धतीच्या गटातल्या ७४ टक्के लोकांना मध्यम किंवा त्याहून जास्त कोरडेपणा होता, आयएमआरटीच्या गटात ३८ टक्क्यांना. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही असाच अभ्यास केला. ६० पेशंट, २०१२ मध्ये प्रसिद्ध. उपचार चालू असतानाचा लाळग्रंथींचा लक्षणीय त्रास थ्रीडी पद्धतीत ८९ टक्क्यांना झाला, आयएमआरटीत ५९ टक्क्यांना. मला टाटाचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ते पेशंट आपले आहेत. तंबाखू आपली, उशिरा येण्याची सवय आपली, जबडे आखडलेले आपले.

आकडे नीट बघा. ३८ किंवा ५९ टक्के म्हणजे शून्य नाही. आयएमआरटी घेतली म्हणून तोंड कोरडं पडणारच नाही, असं कोणी सांगत असेल तर अर्ध्यावर विश्वास ठेवा.

आणि ग्रंथी वाचवणं प्रत्येकाला शक्यही नसतं. गाठ ग्रंथीला खेटून असेल तर आधी गाठ. यात वाद नाही. पण आपल्याकडे एक गोष्ट थोडी बरी आहे. खर्रा, गुटखा गालात धरणाऱ्या आपल्या माणसाचा कॅन्सर बऱ्याचदा एका गालाचा, एका बाजूच्या हिरडीचा असतो. अशा वेळी अनेकदा एकाच बाजूला रेडिएशन पुरतं आणि पलीकडच्या ग्रंथी शाबूत राहतात. जिभेच्या मुळाचा किंवा घशाचा असेल, काकाजींसारखा, तर बहुधा दोन्ही बाजू घ्याव्या लागतात. मानेच्या गाठी काढताना जबड्याखालची ग्रंथीही पुष्कळदा काढावी लागते, तेव्हा उरलेल्या कानाजवळच्या ग्रंथीचं मोल आणखी वाढतं. रेडिएशनच्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका: "माझ्या कानाजवळच्या ग्रंथींना सरासरी किती डोस बसणार आहे?" दोन्ही ग्रंथींची सरासरी २५ ग्रेच्या आत, किंवा निदान एक ग्रंथी २० ग्रेच्या आत राहिली, तर लाळ बरीचशी टिकण्याची आशा असते. उत्तर 'जमणार नाही' असं आलं तरी चालेल. निदान पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असेल.

दुसरं काम दातांचं. रेडिएशनचा पहिला दिवस ठरायच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या. वाचवण्यासारखे नसलेले दात, विशेषतः खालच्या मागच्या दाढा, आधीच काढायच्या आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यायचे. कॅन्सरची धास्ती असताना घरच्यांना हे फालतू वाटतं. "जीव वाचू द्या आधी, दातांचं नंतर बघू." मी हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी ऐकते. नंतर बघता येत नाही म्हणून तर आधी बघायचं. रेडिएशन मिळालेल्या हाडाला रक्तपुरवठा कमी होतो, खालच्या जबड्याला जास्तच, आणि तिथे दात काढला की खड्डा भरत नाही. हाड मरायला लागतं. काकाजींना मी हेच करून ठेवलं होतं.

आता ज्यांचं रेडिएशन होऊन गेलंय त्यांच्याकडे येते.

आधी मोजा. सकाळी काही न खाता-पिता पाच मिनिटं खाली मान घालून बसा, तोंडात जमेल ती लाळ एका छोट्या वाटीत गळू द्या. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सिरिंजने ती ओढून बघा. पाच मिनिटांत अर्धा मिलीलिटरही भरली नाही तर ती खरोखर कमी आहे. हा आकडा वहीत तारखेसकट लिहा आणि चार महिन्यांनी पुन्हा मोजा. पहिल्या एक-दोन वर्षांत लाळ थोडी-थोडी परत येऊ शकते, आणि मनाला न जाणवलेली सुधारणा वाटीत दिसते. शिवाय डॉक्टरांपुढे "तोंड कोरडं पडतं" म्हणण्यापेक्षा आकडा ठेवला की ऐकणाऱ्याची मान वर होते, हा माझा अनुभव.

मग औषधांची पिशवी उलटी करा. खाजेच्या, सर्दीच्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, लघवीची गोळी यांनी लाळ आणखी आटते. स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारा की दुसरं काही चालेल का.

लाळ वाढवायची गोळी आहे का? आहे. पायलोकार्पिन. ब्राझीलच्या एका झुडपाच्या पानांतून आलेलं औषध. डोळ्यांचे डॉक्टर त्याचे थेंब कित्येक वर्षं काचबिंदूत वापरत आले आहेत. अमेरिकेत २०७ पेशंटवर अभ्यास झाला, १९९३ साली छापून आला: ५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांचा कोरडेपणा कमी झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २५ टक्क्यांचा. म्हणजे उपयोग आहे, पण चमत्कार नाही. ग्रंथीत जिवंत पेशी उरल्या असतील तरच ती काम करते. विहीर आटली असेल तर पंप लावून काय होणार. दुसरं, घाम फार येतो. भिलाईत मे-जूनमध्ये ही गोळी सुरू करताना मी दहा वेळा विचार करते. आणि दमा आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल किंवा डोळ्यांचे काही ठरावीक आजार असतील तर ती चालत नाही. मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची ही गोळी नव्हे. सुरू केलीच तर तीन महिने तरी द्या, दोन दिवसांत निकाल मागू नका.

कृत्रिम लाळ मिळते, फवारा किंवा जेल. तासभर बरं वाटतं. भाषणाआधी, जेवणाआधी, झोपताना वापरा. बाटलीवर बघून घ्या, काही आम्लधर्मी असतात. ज्यांचे स्वतःचे दात आहेत त्यांनी त्या टाळाव्यात. बिनसाखरेचं च्युइंग गम, झायलिटॉलचं मिळालं तर उत्तम, ते चघळण्याने उरलेल्या ग्रंथी हलतात. ज्यांचा जबडा उघडत नाही त्यांना हे जमत नाही, त्यांनी बिनसाखरेची गोळी नुसती जिभेवर ठेवावी. अॅक्युपंक्चरबद्दल मला नेहमी विचारतात आणि मी पूर्वी हसण्यावारी नेत असे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने इतर दोन आंतरराष्ट्रीय संघटनांबरोबर यावर मार्गदर्शिका काढली, त्यात अॅक्युपंक्चरलाही 'देऊन बघायला हरकत नाही' अशा पायरीवर ठेवलंय. तेव्हा हसणं मी बंद केलं. पाठवायला आमच्याकडे नीट शिकलेला माणूस मिळणं ही वेगळी अडचण.

घरात करायचं ते सोपं आहे. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून पाच-सहा वेळा चुळा. रोज नवीन करायचं. यानं चिकट चोथा सुटतो आणि आम्ल शमतं. बाजारातले झोंबणारे माउथवॉश, ज्यात अल्कोहोल असतं, ते नकोत. पाणी घोटभर, वारंवार; घटाघटा पिऊन तोंड ओलं राहत नाही, रात्री फक्त उठावं लागतं. झोपताना एसीपेक्षा आपला पाण्याचा कूलर बरा. भिलाईतला, नागपुरातला तो खडखडणारा कूलर हवेत ओल सोडतो. एकदाच कुठेतरी आपल्या कूलरचं कौतुक करायला मिळतंय, म्हणून सांगून घेते.

तूप किंवा खोबरेल तेल रात्री तोंडात फिरवल्याने बरं वाटतं असं कितीतरी जणी सांगतात. फिरवा. त्याने दात वाचत नाहीत एवढं ध्यानात ठेवा.

दात वाचतात फ्लोराइडने. आणि इथे मला काकाजींच्या दाढेचं गूढ उलगडून सांगायचं आहे. मी विचारलं, तोंड कोरडं पडलं की काय करता? ते म्हणाले, खडीसाखर. कोणीतरी सांगितलं होतं, चघळत राहा म्हणजे पाणी सुटतं. दोन वर्षं खिशात खडीसाखरेची पुडी. आम्ल शमवायला लाळ नाही, आणि साखर दिवसभर तोंडात. अशी कीड सर्वसाधारण किडीसारखी खड्ड्यात लागत नाही. ती हिरडीजवळ दाताच्या मानेभोवती कडं करते, आणि एक दिवस वरचा भाग भाकरीचा तुकडा चावताना मोडून हातात येतो. दुखतही नाही. त्यामुळे माणूस उशिरा येतो.

खडीसाखर नको, लिंबाच्या गोळ्या नकोत, आवळा कँडी नको. आंबट खाल्लं की पाणी सुटतं हे खरं, पण ज्याला दात आहेत त्याला हे आंबट महाग पडतं. त्याऐवजी दातांच्या डॉक्टरकडून आपल्या मापाचे पातळ ट्रे करून घ्या आणि रोज रात्री त्यात फ्लोराइडचं जेल घालून पाच मिनिटं लावा. नाहीतर ५००० पीपीएमची टूथपेस्ट मिळते, आपल्या साध्या पेस्टपेक्षा साधारण पाचपट तीव्र. लावल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चूळही नाही. हे किती दिवस? लाळ परत येईपर्यंत. ती आली नाही तर जन्मभर. मला माहीत आहे, 'जन्मभर' ऐकून लोकांचा चेहरा कसा होतो. पण हे तेच लोक आहेत ज्यांनी ३५ दिवस रोज तो मुखवटा बांधून घेतला.

दर तीन-चार महिन्यांनी दात दाखवा. जिभेवर पांढरे पापुद्रे किंवा लालभडक आग दिसली तर ती बहुतेक वेळा बुरशी असते, तिच्यावर औषध आहे, "रेडिएशनची गर्मी" म्हणून सोसत बसू नका. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा. लाळ नसेल तर ती पकडही धरत नाही आणि हिरडी सोलते.

आता जे बोलायचं ते जरा जड आहे. छत्तीसगडमध्ये गुडाखू असतं. तंबाखू आणि गुळाची काळी लुकण, डबीतून बोटावर घेऊन दातांवर घासायची. बायका सर्रास लावतात, सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी. पश्चिम महाराष्ट्रात मिश्री, नागपुरात खर्रा, आमच्याकडे गुडाखू. शरद पवारांनी २००४ मध्ये झालेल्या आपल्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल आणि त्याआधीच्या सवयीबद्दल जाहीर व्यासपीठांवर मोकळेपणाने सांगितलंय, त्याचा पुष्कळ उपयोग झाला. आर. आर. पाटील २०१५ मध्ये याच आजाराने गेले, तेव्हा गावोगावी पुड्या टाकून दिल्या गेल्याचं मी नातेवाइकांकडून ऐकलं. पण कॅन्सर बरा झाल्यावर माणूस परत तंबाखूकडे का वळतो, यावर कोणी बोलत नाही. एक मावशी माझ्यासमोर रडत म्हणाल्या होत्या, "लाज वाटते सांगायला. पण ते लावलं की तोंडाला पाणी सुटतं. दुसऱ्या कशानंच सुटत नाही." सुनेने त्यांना 'जीभ चटावलेली' म्हटलं होतं. त्या कोरडेपणावर इलाज करत होत्या, हातात असलेला एकमेव. त्या दिवशी मी त्यांना तंबाखूवर भाषण दिलं नाही. गम, चुळा आणि जेल दिलं, आणि त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करून पायलोकार्पिनचं विचारलं. डबी सुटायला पाच महिने लागले. घरात कोणी असं परत लपवून लावत असेल तर ओरडण्याआधी एकदा विचारा: तोंड कोरडं पडतं का?

काकाजींचं पुढे काय झालं? हाड उघडं पडल्यावर मी त्यांना तोंड-जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. तिथे पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू झाल्या, चुळा, अधूनमधून अँटिबायोटिक. पूर्वी अशा वेळी उच्च दाबाच्या ऑक्सिजनच्या खोलीत बसवण्याचा आग्रह असे. ब्रिटनच्या २०१९ च्या अभ्यासात दात काढताना त्याचा प्रतिबंधक म्हणून काही फायदा दिसला नाही, त्यामुळे निदान त्या खर्चाचं ओझं आता मी कोणाच्या मनावर टाकत नाही. चौदा महिन्यांनी हरभऱ्याएवढा हाडाचा तुकडा आपोआप सुटून आला. त्यांनी तो कागदात बांधून मला आणून दाखवला. जबडा राहिला. सगळ्यांचा राहत नाही.

त्या चौदा महिन्यांत ते दर पंधरा दिवसांनी येत. मी माफी मागितली तेव्हा म्हणाले, "आता मागं पाहून का करता, दुसऱ्याची दाढ काढाच्या आधी इचारत जा." मग आम्ही जेवणावर बोलायला लागलो. पोळी त्यांना जात नव्हती. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून जायची. ठेठरी-खुरमी, चिवडा, शेंगदाणे सगळं बंद. ठेचा आणि टमाटरची चटणी झोंबायची. वजन अकरा किलो उतरलेलं. डाएटच्या छापील कागदावर ओट्स आणि सूप लिहिलेलं होतं; त्यांनी ओट्स बघितले नव्हते.

त्यांच्या शेजारच्या छत्तीसगडी बाईंनी तो प्रश्न सोडवला. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी त्यात दही किंवा ताक, किंचित मीठ. हीच बासी. प्रत्येक शितासोबत पाणी असतं, घास घसरतो, जळजळ नाही. वर कढी, मऊ शिजवलेली मुगाची डाळ, भरपूर तूप, उकडून कुस्करलेलं अंडं. विदर्भातल्या आंबिलीचाच हा भाऊबंद. दही आंबट झालेलं नको आणि खाऊन झाल्यावर सोड्याच्या पाण्याने चूळ, एवढी माझी भर.

परवा त्यांच्या वहीतला शेवटचा आकडा बघितला. पाच मिनिटांत पाऊण मिलीलिटर. पहिला होता शून्य पूर्णांक एक. खिशात आता झायलिटॉलच्या गोळ्या असतात, नातू ऑनलाइन मागवून देतो. पोळी अजून जात नाही. पोळ्याच्या सणाला सूनबाईंनी पुरणपोळी केली, तेव्हा त्यांनी तुपात आणि दुधात बुडवून चतकोर खाल्ली, चूळ भरली, आणि संध्याकाळी मला फोन करून कबूल केलं की दुसरा चतकोर पण खाल्ला.

आता तुमचे प्रश्न घेते. फक्त एक करा, विचारताना रेडिएशन कधी झालं आणि कोणत्या बाजूला झालं ते आधी लिहा. फाइल हाताशी असेल तर डोसही.